कर्णबधिर बालक आणि त्याचे घर

कर्णबधिर बालकांपैकी बहुसंख्य बालके, अमेरिकेत झालेल्या गणनेप्रमाणे तर दहांतील नऊहून अधिक, ज्यांना स्वतःला उत्तम ऐकू येते अशा माता-पित्यांच्या पोटी जन्म घेतात. आणि म्हणूनच ज्या घरावर हा प्रसंग येतो त्या घरास बहिरेपणाचा परिचय, त्याविषयीचे ज्ञान आणि त्याला सामोरे जाण्याची रीत यांपैकी काहीच वडिलोपार्जित मिळालेले नसते. अशा घरांतील आईवडिलांसाठी, विशेषतः छत्रपती संभाजीनगर शहरात व भोवतालच्या पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, सिल्लोड या तालुक्यांत राहणाऱ्यांसाठी, हे लिहीत आहे. सांगावयाचे मुख्य एवढेच, की बहिरेपणामुळे मुलाची जी हानी होते तिचा फार मोठा भाग, आयुष्याच्या पहिल्या तीन-चार वर्षांत त्याच्या वाट्याला कोणतीच भाषा पुरेशी न आल्यामुळे होतो, आणि ती हानी टाळणे बव्हंशी आपल्या हाती असते. यंत्र, शस्त्रक्रिया, सांकेतिक भाषा, शाळा, सरकारी दाखला या प्रत्येकाची योग्यता, तेणेकरून मुलाला भाषा किती लवकर आणि किती भरपूर मिळाली, याच एका कसोटीवर पाहावी.

आपल्याकडे पहिली दोन वर्षे जी निसटून जातात ती बहुधा मायेच्याच माणसांनी दिलेल्या धीरामुळे. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘ह्याचा मामा चार वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता’, अशी वाक्ये घरोघर ऐकू येतात, जिभेला वेखंड उगाळून लावले जाते, नवस बोलले जातात; आणि शंका फारच बळावली तर कोणी तरी बाळाच्या पाठीमागे उभे राहून थाळी वाजवते व बाळ वळले की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. परंतु थाळी वाजवणाऱ्या हाताची सावली, पलंगातून गेलेला हादरा किंवा समोर बसलेल्या आईच्या मुद्रेवरील उत्सुकता, यांपैकी कशानेही मूल वळू शकते. आणि थाळीचा दणका खरोखर ऐकू आला असला तरी बोलण्यातले स, श, फ यांसारखे क्षीण ध्वनी त्या मुलाच्या कानी मुळीच पोहोचत नसतील, हेही तितकेच संभवनीय असते. तेव्हा घरच्या परीक्षेवर विसंबू नये. सहा महिन्यांचे होऊनही आवाजाच्या दिशेने न पाहणारे, वर्षाचे होऊनही हाक मारल्यावर दखल न घेणारे, किंवा आरंभी ‘बा-बा’, ‘मा-मा’ असे नाद काढून पुढे हळूहळू गप्प होत गेलेले मूल विनाविलंब तपासणीस न्यावे. जे बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले, नवजात अतिदक्षता कक्षात राहिले, ज्यास तीव्र कावीळ किंवा मेंदूज्वर झाला, ज्याच्या आईला गर्भारपणात रुबेलाची बाधा झाली, किंवा ज्याचे आईवडील नात्यातले आहेत (मामाच्या मुलीशी विवाह ही मराठवाड्यात अपरिचित गोष्ट नव्हे), त्या बाळाच्या बाबतीत लक्षणांची वाटही पाहू नये.

तपासणीचा सर्वमान्य दंडक असा आहे, की जन्मानंतर एका महिन्याच्या आत प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांच्या आत निश्चित निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपाययोजनेस आरंभ व्हावा. प्राथमिक चाचणीस ओएई म्हणतात. तीत निजलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची लहानशी नळी ठेवून आतील कानाने दिलेला प्रतिसाद टिपला जातो, आणि तिला काही मिनिटेच लागतात. निश्चित निदानासाठी बेरा ही चाचणी करतात, तीत कपाळावर व कानांमागे तारा चिकटवून ध्वनी मेंदूकडे नीट पोहोचतो की नाही हे पाहिले जाते. बेराच्या वेळी मूल गाढ झोपलेले असावे लागते; म्हणून आदल्या रात्री त्याला उशिरा निजवावे, पहाटे उठवावे, आणि सिल्लोडहून किंवा वैजापूरहून एस्टीने येताना ते वाटेतच झोपी जाणार नाही याची दक्षता घ्यावी, कारण तसे झाले म्हणजे झोपेचे औषध देऊनही मूल डोळा लावीत नाही, चाचणी अपुरी राहते आणि पुढची तारीख घ्यावी लागते. अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळाची केवळ ओएई निर्दोष आली म्हणून निश्चिंत होऊ नये. आतील कान कार्यक्षम असूनही श्रवणनाडीत दोष असणारी मुले असतात, व ती बेरातच ओळखू येतात.

या तपासणीसाठी शहरातील घाटी, म्हणजे १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, हे केवळ या जिल्ह्यालाच नव्हे तर जालना, बीड, परभणीकडच्या रुग्णांनाही जुने परिचित स्थान आहे. कान-नाक-घसा विभागात नाव नोंदवून चौकशीस प्रारंभ करावा. अंगणवाड्यांत व शाळांत येणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके (या कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला) जन्मजात बहिरेपणाचीही छाननी करतात आणि त्यांच्या शिफारशीने पुढील तपासणी व उपचार विनामूल्य होऊ शकतात. तेव्हा पथक गावात येणार असेल त्या दिवशी मुलाला शेतावर किंवा आजोळी धाडू नये. खाजगी ठिकाणी जावयाचे झाल्यास श्रवणतज्ज्ञाचे नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत आहे किंवा नाही हे विचारून घ्यावे. तसे विचारण्यात कोणताही अनादर नाही; ही परिषद १९९२ च्या कायद्याने त्याचसाठी निर्माण झाली आहे. यंत्र विकणारा दुकानदार आणि श्रवणतज्ज्ञ ह्या दोन निराळ्या व्यक्ती आहेत.

श्रवणयंत्र मिळाले म्हणजे काम झाले, ही समजूत सार्वत्रिक आहे आणि ती फार महाग पडते. कानामागे बसणाऱ्या यंत्रापासून कानात जाणारा जो साचा असतो तो त्याच मुलाच्या कानाचा ठसा घेऊन केलेला असावा लागतो, आणि वाढत्या वयाच्या मुलाचा कानही वाढत असल्याने पहिल्या काही वर्षांत तो साचा दर तीन ते सहा महिन्यांनी नवा करावा लागतो. यंत्र शीळ घालू लागले की साचा सैल झाला असे समजावे, आणि त्या शिळेला कंटाळून आवाज कमी करून ठेवण्याची चूक करू नये. चैत्र-वैशाखातील आपल्याकडचा घाम व पावसाळ्यातील दमटपणा यंत्राचे शत्रू आहेत. रात्री यंत्र काढल्यावर बॅटरीचे दार उघडे ठेवून ते झाकणाच्या डबीत, ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे. बॅटरीवरील चिकटपट्टी वापरावयाच्या वेळेपूर्वी काढू नये, कारण ती निघताच हवेच्या संयोगाने बॅटरी खर्ची पडू लागते. वापरलेल्या बॅटऱ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. गिळल्या गेल्यास त्या प्राणघातक ठरू शकतात.

यंत्र चालू आहे, परंतु मूल त्यातून काय ऐकते, हे दररोज सकाळी घरीच पाहण्याची एक साधी रीत आहे. कॅनडात दीर्घकाळ कार्य केलेल्या डॅनियल लिंग या शिक्षणतज्ज्ञाने ती रूढ केली. मुलाच्या बाजूस किंचित मागे बसावे, तोंडापुढे कागद धरून ओठ झाकावेत, आणि नेहमीच्या आवाजात, मध्ये कमी-अधिक अंतर ठेवून, आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी उच्चारावेत. ध्वनी ऐकू आला की मुलाने डब्यात एक ठोकळा टाकावा. थोडे मोठे झाल्यावर मुलाने तोच ध्वनी उच्चारून दाखवावा. काल सहाही ध्वनींना ठोकळा पडत होता आणि आज एकालाही पडत नाही, तर बॅटरी किंवा साच्यातील मळ पाहावा, फक्त ‘स’ला पडत नसेल तर उंच पट्टीचे ध्वनी पोहोचत नाहीत असे समजून श्रवणतज्ज्ञास तसे सांगावे, आणि सर्दी होऊन ‘ऊ’ व ‘म’ हरवले तर कान दाखवून घ्यावा. या परीक्षेस दोन मिनिटेही लागत नाहीत. ती ज्या घरात नित्य होते त्या घरातील मूल बिघडलेले यंत्र कानात अडकवून आठवडेच्या आठवडे शाळेत बसून राहत नाही.

आता भाषेकडे वळू. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे मूल आठवड्यातून दोन-तीन तास असते, उरलेला सर्व जागेपणीचा काळ ते घरात असते. म्हणून खरी शाळा घरच आहे, आणि तिच्यातील पाठ घरकामाच्या ओघातच द्यावयाचे असतात. आई भाकरी थापीत आहे. मुलाला ओट्याच्या उंचीवर, आपला चेहरा उजेडात दिसेल असे बसवून ती ‘आता पीठ घेऊ... पाणी घातलं... बघ, मऊ झालं... आता थापू या, गोल गोल... तवा तापलाय हं, हात नको लावू’ असे पुरे वाक्य, नेहमीच्या लयीत, मूल पाहत असताना बोलते. मूल पिठाकडे पाहू लागले की थांबते, त्याची नजर परत आली की पुढे बोलते. नुसते ‘पीठ’, ‘पाणी’, ‘तवा’ असे सुटे शब्द ओरडून घोकवल्याने नामांची यादी तयार होते, वाक्य तयार होत नाही. घरात मराठी बोलत असतील तर मराठीत, दखनी किंवा उर्दू बोलत असतील तर त्याच भाषेत बोलावे. पुढे शाळा इंग्रजी असणार म्हणून आईने स्वतःस न येणाऱ्या इंग्रजीत मुलाशी बोलू लागणे ही गोष्ट मला अत्यंत घातक वाटते, कारण जी भाषा आईलाच ओघवती येत नाही ती तिच्याकडून मुलाला ओघवती मिळण्याचा संभव नाही.

भारतीय सांकेतिक भाषेविषयी पालकांच्या मनात एक भय असते, की हातांनी बोलू लागलेले मूल तोंडाने बोलणारच नाही. हे भय निराधार आहे. संकेतांनी आधी भाषा मिळालेल्या मुलाला उच्चार शिकण्यास त्यामुळे अडथळा येत नाही. उलट ज्या मुलाला यंत्राने पुरेसे ऐकू येत नाही आणि संकेतही शिकवले गेलेले नाहीत, ते मूल आपल्याला तहान लागली आहे की पोट दुखते आहे, हेही सांगू न शकता रडत राहते, व त्या रडण्याला हट्ट असे नाव पडते. केवळ बोलणे की संकेत, या दोन पंथांच्या वादात कोणता पंथ खरा, हे ठरेपर्यंत मुलाने थांबावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. बोलणे चालू ठेवून संकेत शिकण्यास आजच प्रारंभ करावा, आणि तो एकट्या आईने नव्हे तर वडिलांनी, भावंडांनी व आजी-आजोबांनीही करावा. २०१५ साली दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने १०,००० शब्दांचा चित्रफितींसह कोश फेब्रुवारी २०२१ मध्ये पूर्ण केला, तो विनामूल्य पाहता येतो. त्याच्या पुढच्या वर्षी ‘साइन लर्न’ हे मोबाइलवरील साधनही निघाले. आणि ६ डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्या योजनेची ३१ क्रमांकाची वाहिनी सांकेतिक भाषेस वाहिलेली आहे. परंतु पडद्यावरून शब्द शिकता येतात, संभाषण शिकता येत नाही. त्यासाठी शहरातील प्रौढ कर्णबधिर व्यक्तींशी घरोबा जोडावा, त्यांना जेवावयास बोलवावे. आपले मूल मोठे झाल्यावर कसे असेल याची कल्पनाच ज्यांना करता येत नाही अशा आईवडिलांना, नोकरी करणारा, संसार सांभाळणारा, मित्रमंडळींत हसणारा कर्णबधिर गृहस्थ प्रत्यक्ष दिसणे, याहून मोठे आश्वासन दुसरे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयापुढे उभ्या राहिल्या, ही वार्ताही अशा घरांत आवर्जून सांगावी.

ज्या मुलांना यंत्राचा पुरेसा लाभ होत नाही त्यांच्यासाठी कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया असते. तिचा खर्च काही लाखांचा असल्याने बहुतेकांना शासनाच्या साहाय्यावाचून गत्यंतर नसते. केंद्राच्या एडिप योजनेखाली ती विनामूल्य होऊ शकते, आणि त्या योजनेचे मुख्य सूत्र मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थानाकडे आहे. ९ ऑगस्ट १९८३ रोजी स्थापन झालेल्या या संस्थानास ज्यांचे नाव आहे ते महाराष्ट्राचे राज्यपाल तर होतेच, पण त्यापूर्वी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि त्या काळी आपल्या शहराचे, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचे, महाविद्यालय त्याच विद्यापीठाशी जोडलेले होते. मराठवाड्याने त्या संस्थेस परकी मानण्याचे कारण नाही. देवगिरी एक्सप्रेसने रात्री निघाल्यास सकाळी दादरला उतरून वांद्रे गाठता येते. जन्मतः बहिऱ्या मुलासाठी या योजनेत वयाची पाच वर्षे ही मर्यादा असल्याने, आणि वैद्यकीय दृष्ट्याही जितके लहान वय तितका लाभ अधिक असल्याने, ‘पुढच्या वर्षी पाहू’ हे येथे चालत नाही. मुख्यमंत्री साहाय्यता निधीकडेही या शस्त्रक्रियेसाठी अर्ज करता येतो. मात्र होकार देण्यापूर्वी एवढे जाणावे, की शस्त्रक्रियेने मूल बोलू लागत नाही. काही आठवड्यांनी यंत्र सुरू होते, ते वारंवार जुळवून घ्यावे लागते, पुढे निदान एक-दोन वर्षे नियमित श्रवण-वाचा प्रशिक्षण द्यावे लागते, आणि बाहेरील यंत्राच्या तारा, बॅटऱ्या व दुरुस्ती यांचा खर्च आयुष्यभर चालू राहतो. गावापासून प्रशिक्षणाची जागा किती दूर आहे, नेण्या-आणण्यास कोण मोकळे आहे, याचा विचार आधी करून मगच संमतिपत्रावर सही करावी.

कागदपत्रांविषयी थोडे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असणारी व्यक्ती बधिर आणि ६० ते ७० डेसिबल असणारी, जिला ऐकणे कठीण जाते अशी, गणली जाते, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज भरून, घाटी किंवा चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय यांपैकी नेमून दिलेल्या ठिकाणी तपासणीस जावे. वैद्यकीय मंडळ कोणत्या वारी बसते याची खात्री आधीच करून घ्यावी, म्हणजे सोयगावहून केलेली फेरी फुकट जात नाही. त्यातून मिळणारे यूडीआयडी ओळखपत्र देशभर चालते. लहान मुलाचा दाखला काही वेळा मुदतीचा असतो. मुदत संपण्यापूर्वीच नूतनीकरणाचा अर्ज द्यावा. बेराचे अहवाल, यंत्राच्या पावत्या, प्रत्येक अर्जाची नक्कल व पोच एकाच फायलीत तारीखवार लावाव्यात. या दाखल्यावर एस्टीच्या भाड्यात ७५ टक्के सूट मिळते; जुन्या करप्रणालीत राहणाऱ्या पालकास आयकराच्या ८०डीडी कलमाखाली ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते; उत्पन्न अत्यल्प असल्यास तहसील कचेरीत संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करावी; आणि ग्रामपंचायत असो वा महानगरपालिका, तिने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते, हे ग्रामसेवकास नम्रतेने पण लेखी स्मरण द्यावे. निरामय आरोग्य विम्याच्या मागे मात्र हेलपाटे घालू नयेत. ती योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुदिव्यांगत्व यांसाठी आहे, केवळ बहिरेपणासाठी नाही.

शाळेच्या निवडीत कायदा पालकांच्या बाजूस उभा आहे. ६ ते १८ वर्षे वयाच्या, दाखलापात्र दिव्यांगत्व असलेल्या मुलास शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या इच्छेप्रमाणे, विनामूल्य शिकण्याचा हक्क वर सांगितलेल्या २०१६ च्या अधिनियमाच्या ३१ व्या कलमाने दिला आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांतही दिव्यांग बालक वंचित घटकात मोडते. सामान्य शाळेत घालावयाचे असेल तर तालुक्याच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकाची भेट घ्यावी आणि वर्गात मुलाला पुढच्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवण्याची विनंती करावी, म्हणजे शिक्षकाच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. विशेष शाळांची यादी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण खात्याच्या दप्तरी मिळेल. शाळा पाहावयास जाल तेव्हा इमारत पाहू नका. एका वर्गात अर्धा तास बसा, किती मुलांची यंत्रे चालू आहेत ते पाहा, शिक्षक मुलांशी संकेतांनी सहज बोलतात का ते पाहा, मधल्या सुट्टीत मुले एकमेकांशी काय बोलतात ते पाहा, आणि चौथीतल्या एखाद्या मुलास वर्तमानपत्रातील चार ओळी वाचून त्यांचा अर्थ आपल्या शब्दांत किंवा संकेतांत सांगावयास सांगा. तुलनेसाठी पुण्याचे सी. आर. रंगनाथन कर्णबधिर विद्यालय किंवा नाशिकचे माई लेले श्रवण विकास विद्यालय एकदा पाहून यावे. निवासी शाळेबद्दल माझे मत असे आहे, की ज्या घरात संकेत शिकलेले कोणी आहे त्या घरातून सहा वर्षांचे मूल शक्यतो वसतिगृहात पाठवू नये. आणि पाठवणे अटळच असेल तर सुट्टीत घरी आलेल्या मुलाशी संपूर्ण कुटुंबाला बोलता येईल एवढी भाषा सर्वांनी शिकून ठेवावी. दहावीच्या परीक्षेत भाषाविषयांबाबत व वाढीव वेळेबाबत ज्या सवलती मिळतात त्यांचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत वेळेवर जावा लागतो. नववीतच त्याची आठवण करावी.

मूल अठरा वर्षांचे झाल्यावर बँकेत किंवा कचेरीत कोणी कायदेशीर पालकाचा दाखला मागितल्यास तो लागत नाही असे ठामपणे सांगावे; कर्णबधिर प्रौढ व्यक्ती आपले व्यवहार स्वतःच्या सहीने करण्यास पूर्ण पात्र आहे. आणि आपल्याकडे जमीनजुमला असल्यास आणखी एका बाबीकडे लक्ष द्यावे. जन्मबधिरास वारसाहक्क नाही असे मनुस्मृतीत म्हटले आहे, आणि त्याची छाया अजूनही वाटणीच्या बैठकीत कोठे कोठे पडते. ‘त्याला काय कळतंय, त्याचं आम्ही पाहू’ असे म्हणून भावंडे त्याचा हिस्सा आपसांत वाटून घेतात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २८ व्या कलमाने कोणत्याही रोगामुळे वा शारीरिक दोषामुळे वारसाहक्क जात नाही असे स्पष्ट केले आहे, आणि मुस्लिम कायद्यातही बहिरेपणाने वारसा बुडत नाही. तेव्हा तलाठ्याकडे वारसनोंदीचा फेरफार होईल त्या वेळी मुलाचे नाव इतर भावंडांच्या बरोबरीने लिहिले गेले आहे की नाही हे सातबाऱ्याचा उतारा काढून पाहावे. हक्कसोडपत्रावर त्याची सही किंवा अंगठा कोणी मागितला तर त्या कागदात काय लिहिले आहे हे दुभाष्याकडून त्याला समजावून सांगितल्याखेरीज सही होऊ देऊ नये. आणि वाटणीच्या बैठकीत त्याला स्वतःला बसवून, त्याचे म्हणणे त्याच्या भाषेत विचारून घ्यावे.